बुलेटप्रूफ जाकीट : निवड, जीर्णता आणि बदल

बुलेटप्रूफ जाकीट जन्मभर पुरत नाही. घाम, ऊन, उष्णता आणि रोजचे मुडपणे यांनी त्यातले तंतू कमकुवत होत जातात, म्हणून ठरावीक वर्षांनी जुने जाकीट बाद करून नवे देण्याची पद्धत पोलीस आणि सैन्यदलांत रूढ आहे. मऊ जाकिटाच्या पॅनेलला उत्पादक बहुधा ५ वर्षांची हमी देतात. निर्मितीची तारीख पॅनेलवरच्या लेबलावर असते, बाहेरच्या कापडावर नव्हे, आणि तपासताना नेमकी हीच गोष्ट निसटते.

बाहेरून दिसतो तो कॅरिअर, म्हणजे खिसे आणि पट्टे असलेले कापडी जाकीट. तो फाटला, मळला तर धुता येतो, बदलताही येतो. गोळी अडवते ते आत सरकवलेले पॅनेल. त्यात केव्लारसारख्या अरॅमिड तंतूंचे किंवा डायनिमासारख्या पॉलिएथिलीनचे अनेक थर असून त्यांवर पाणी आत जाऊ न देणारे आवरण असते. रायफलच्या गोळीपुढे मऊ पॅनेल पुरत नाही. तिथे सिरॅमिक, पॉलिएथिलीन किंवा पोलादाची कडक प्लेट लागते.

प्रत्येक तंतूची दुखरी बाजू वेगळी. केव्लार (ड्यू पाँट कंपनीत १९६५ मध्ये स्टेफनी क्वोलेक यांच्या संशोधनातून आलेला तंतू) उष्णतेला दाद देत नाही, पण उन्हातल्या अतिनील किरणांनी आणि ब्लीचने खराब होतो. प्रक्रिया न केलेले केव्लारचे कापड भिजले की गोळी अडवण्याची त्याची ताकद घटते; वाळल्यावर ती बरीचशी परतते. पॉलिएथिलीनला पाण्याचे भय नाही, मात्र ते सुमारे १५० अंश सेल्सिअसला वितळते आणि त्याच्या बरेच आधी ढिले पडू लागते. उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत असे जाकीट ठेवणे म्हणूनच वाईट सवय.

वय आणि जीर्णता यांचे नाते किती फसवे आहे, हे झायलॉनने दाखवले. जपानच्या तोयोबो कंपनीचा हा तंतू केव्लारपेक्षा मजबूत. त्यामुळे जाकिटे पातळ आणि हलकी झाली आणि पोलिसांना आवडली. जून २००३ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात फॉरेस्ट हिल्स येथे एका पोलिसाच्या झायलॉनच्या जाकिटातून गोळी आरपार गेली. जाकीट जुने नव्हते, हमीच्या मुदतीतलेच होते. त्यानंतर अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ जस्टिस (एनआयजे) या संस्थेने वापरलेली १०३ झायलॉन जाकिटे तपासली. त्यांतील ६० जाकिटांतून निदान एक गोळी पार झाली, आणि सर्व निकषांवर उतरली फक्त ४. ओलाव्याने तंतूच्या रेणूंची साखळी तुटत होती आणि नुसत्या डोळ्यांना त्यातले काही दिसत नव्हते. ऑगस्ट २००५ मध्ये संस्थेने झायलॉनच्या जाकिटांची मान्यता काढून घेतली. याउलट १९८० च्या दशकात वापरलेल्या केव्लार जाकिटांच्या चाचण्यांत १० वर्षांची जाकिटेही चांगली टिकलेली आढळली होती.

मग ५ वर्षांचा आकडा कशाला? कारण मऊ पॅनेल न फोडता तपासण्याची भरवशाची रीत रोजच्या वापरात नाही. गोळी झाडून पाहिले की उत्तर मिळते, पण जाकीट संपते. साहजिकच एका खेपेतली काही जाकिटे बळी देऊन बाकीच्यांबद्दल अंदाज बांधावा लागतो, आणि तेही न जमणाऱ्याला तारखेवर विसंबणे भाग आहे. नियम ओबडधोबड खरा, पण त्याहून चांगला नियम लहान पोलीस ठाण्याच्या हाती नसतो. झायलॉनचा धडा २००८ च्या एनआयजे ०१०१.०६ मानकात उतरला. त्यानुसार नवे पॅनेल आधी ६५ अंश सेल्सिअस तापमान आणि ८० टक्के आर्द्रतेत १० दिवस फिरत्या पिंपात घुसळतात, मग त्यावर गोळ्या झाडतात. गोळी अडली तरी चाचणीत पॅनेलच्या मागे शरीराच्या जागी ठेवलेल्या मातीत ४४ मिलीमीटरहून खोल खड्डा पडता कामा नये, कारण तेवढा दणकाही बरगड्या आणि आतल्या अवयवांना पुरेसा असतो.

निवडताना पहिला प्रश्न समोर कोणते हत्यार येऊ शकते हा. एनआयजे ०१०१.०६ मानकात टू-ए, टू आणि थ्री-ए या पातळ्या पिस्तुलासाठी, तर थ्री आणि फोर रायफलसाठी आहेत. २०२३ च्या ०१०१.०७ मानकाने त्यांची नावे बदलून एचजी (पिस्तुलासाठी) आणि आरएफ (रायफलसाठी) अशी केली. भारतीय मानक आयएस १७०५१ मधील पातळ्या निराळ्या आहेत, तेव्हा आकड्याला आकडा जुळवू नये. सर्वांत वरची पातळी मागण्याचा मोह होतो. मात्र जड, गरम जाकीट माणूस दुपारपर्यंत काढून खुर्चीला अडकवतो. माप बसून घ्यावे: उभे असताना बरोबर वाटणारे लांब पॅनेल खाली बसताच कमरेच्या पट्ट्यावर टेकते आणि गळ्याशी वर सरकते. पट्ट्याच्या वर दोन-तीन बोटे जागा हवी. वजन बरेच वाढले किंवा उतरले की बगलेतली फट बदलते, आणि मुदतीत असलेले जाकीटही त्या माणसापुरते बाद ठरते.

पॅनेल ओल्या फडक्याने पुसून सावलीत, आडवे ठेवून वाळवतात. ते वॉशिंग मशीनमध्ये घालत नाहीत, इस्त्री करत नाहीत. तपासताना आवरणाच्या कडेवरून बोट फिरवावे. शिवण किंवा चिकटवलेली कड उकललेली असेल तर घाम आत पोचलेला असतो. हाताला गाठ, कायमची घडी किंवा एका कोपऱ्यात गोळा झालेले थर लागले, तर तारीख न बघता पॅनेल बदलावे. गोळी लागलेले जाकीट पुन्हा वापरत नाहीत. सिरॅमिक प्लेट पडली की कापडाखाली तडा जाऊ शकतो, म्हणून मोठी सैन्यदले प्लेटांचे क्ष-किरण चित्र काढतात.

बाद जाकीट कुणाला देऊन टाकणे किंवा जुन्या बाजारात विकणे धोक्याचे. घेणारा ते नव्यासारखेच समजून अंगावर चढवतो. अरॅमिड साध्या कात्रीने धड कापले जात नाही. त्यामुळे ती जाकिटे खास यंत्रांत फाडून नष्ट करतात, आणि काही ठिकाणी निघालेला लगदा ब्रेक पॅड बनवायला वापरला जातो.