प्रोसेसर बदलाल, पण परभणीच्या मे महिन्याचं काय?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट (मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे अपडेट) संपला. तेव्हापासून लातूर-नांदेडकडच्या ओळखीच्यांची एकच विचारणा असते: "जुन्या लॅपटॉपला नवा प्रोसेसर बसवून विंडोज ११ चालंल का हो?"

नाही चालणार. विंडोज ११ ला, प्रोसेसर इंटेलचा असेल तर, आठव्या पिढीपासून पुढचा लागतो आणि लॅपटॉपमधले ते प्रोसेसर बोर्डावर सोल्डर (कायमचे डाग देऊन जोडलेले) होऊनच येतात. सॉकेटमधून (काढता-घालता येणाऱ्या खाचेतून) निघणारे इंटेलच्या चौथ्या पिढीबरोबरच संपले. तुमचा लॅपटॉप २०१२ च्या आसपासचा, तिसऱ्या पिढीचा आणि सॉकेटवाला असेल, तर इंटेलचा साधा आय-थ्री काढून चार कोअरचा (एकाच चिपमध्ये काम करणारे चार भाग असलेला) ताकदवान आय-सेव्हन बसू शकतो. अर्थात बायोसने (लॅपटॉप सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅमने) ओळखला तर!

पण खरं घोडं अडतं उष्णतेपाशी. प्रोसेसरमधला प्रत्येक ट्रान्झिस्टर (विजेचा सूक्ष्म स्विच) चालू-बंद होताना इवलासा विद्युतभार साठवतो आणि सोडतो. त्यात खर्च होणारी ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते, आणि हे सेकंदाला अब्जावधी वेळा घडतं. म्हणून शक्ती = धारकता (भार साठवण्याची क्षमता) × व्होल्टेजचा वर्ग × वारंवारता (सेकंदाला किती वेळा). वेग वाढवायचा तर बहुधा व्होल्टेजही वाढवावं लागतं. म्हणजे उष्णता दोन्हीकडून चढते.

आता उष्णता बाहेर टाकणारा पंखा आणि तांब्याची नळी मिळून चिप (म्हणजे प्रोसेसर) आणि खोली यांच्या तापमानात दर वॅटमागे दीड अंशाचा फरक राहतो असं धरू. ३५ वॅटचा आय-थ्री पूर्ण जोरात चालला की खोलीपेक्षा साडेबावन्न अंश वर. खोली २८ अंशांची असेल तर चिप ८० वर. परभणीत मे महिन्यात, दुपारी पत्र्याखाली, ४३ अंशांत? ९५ च्या पुढे. तिथेच ४५ वॅटचा आय-सेव्हन बसवा, गणित ११० वर जातं. या चिपची मर्यादा १०५ अंश! ती जवळ आली की चिप आपणहून व्होल्टेज आणि वारंवारता उतरवते. चार कोअरचे पैसे मोजायचे आणि ऐन उन्हाळ्यात ते रांगताना बघायचे. बदलायचाच असेल तर ३५ वॅटचाच आय-सेव्हन शोधा, आणि थर्मल पेस्ट (चिपची उष्णता नळीकडे नेणारा लेप) नवी लावा.

 

बरं, लॅपटॉप हळू चालतो तो प्रोसेसरमुळेच कशावरून? मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या हार्डडिस्कला एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा. तेवढ्यात २.४ गिगाहर्ट्झच्या आय-थ्रीचे कामाचे सव्वा कोटीहून जास्त ठोके पडून जातात. एसएसडीत (चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये) फिरणारं काही नसतंच. आधी ती टाका.