जॉन हॅनकॉक सेंटर
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील शिकागो शहरात, मिशिगन अ‍ॅव्हेन्यूवर उभी असलेली शंभर मजली मिश्रवापरी इमारत. छतापर्यंतची उंची ३४४ मी., अँटेनांसह सुमारे ४५७ मी. तीनशे मीटरपलीकडच्या ज्या इमारतींना आज अत्युच्च म्हणतात, त्यांत दुकाने, वाहनतळ, कार्यालये आणि घरे एकाच सांगाड्यात रचणारी ही पहिली महत्त्वाची इमारत होय. वास्तुरचना ब्रूस ग्रॅहम यांची, संरचना फजलूर खान (१९२९–८२) यांची. दोघेही स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या संस्थेतले. खान मूळचे ढाक्याचे. शिबपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात त्यांचे काही शिक्षण झाले होते.

पूर्णत्वाचे वर्ष संदर्भग्रंथांत १९६८, १९६९ आणि १९७० असे तिन्ही आढळते. बांधकाम १९६५ मध्ये सुरू झाले आणि सांगाडा १९६८ मध्ये शिखरास पोहोचला. अंतर्गत कामे रेंगाळत राहिल्याने हा घोळ झाला असावा. १९६९ हे वर्ष धरणे सर्वांत सोयीचे. त्या वेळी न्यूयॉर्कबाहेर जगात हिच्याहून उंच इमारत नव्हती.

आकार व वापर : मूळ कल्पना दोन स्वतंत्र इमारतींची होती, एक कार्यालयांची आणि एक घरांची. तसे केले असते तर भूखंडाचा बराचसा भाग व्यापला जाऊन दोन्हींतल्या खिडक्या एकमेकींसमोर आल्या असत्या. म्हणून घरे कार्यालयांच्या डोक्यावर ठेवण्याचे ठरले. इमारतीचा निमुळता आकार याच निर्णयातून आला आहे. कार्यालयाला खोल, ऐसपैस मजला चालतो. घरातली कोणतीही खोली मात्र खिडकीपासून फार लांब असून भागत नाही. त्यामुळे तळाशी सुमारे ८० × ५० मी. असलेला मजला वर जाता जाता सुमारे ५० × ३० मी. इतका आक्रसतो. वरच्या भागावरचा वातभार यामुळे कमी होतो, हा जोडलाभ. अनेक लेखक निमुळतेपणाचे कारण म्हणून केवळ वाऱ्याचा उल्लेख करतात, तो अपुरा आहे.

तळाच्या मजल्यांवर दुकाने, त्यांवर चक्राकार चढणीचा वाहनतळ, मग चाळिसाव्या मजल्याच्या आसपासपर्यंत कार्यालये आणि ४४ ते ९२ या मजल्यांवर सुमारे सातशे सदनिका अशी मांडणी आहे. ९४ व्या मजल्यावर निरीक्षण दालन आहे. रहिवासी ४४ व्या मजल्यावर लिफ्ट बदलतात. पोहण्याचा तलाव आणि किराणा दुकान याच मजल्यावर असल्याने थंडीत कित्येक रहिवाशांना दिवसभर रस्त्यावर उतरावेच लागत नाही.

संरचना : दर्शनी भिंतींवरच्या प्रचंड फुल्या ही इमारतीची ओळख. एकेक फुली सुमारे अठरा मजले व्यापते. या फुल्या म्हणजे बाह्य स्तंभांना जोडणारे पोलादी कर्णबंध, म्हणजे तिरपे दांडे. त्यांच्यामुळे संपूर्ण इमारत जमिनीत रोवलेल्या एका ताठ पोकळ नळीसारखी वागते.

नलिका-संरचनेचा विचार खान यांनी आधीच केला होता. हॅनकॉकच्या शेजारची ४३ मजली डेविट-चेस्टनट ही काँक्रीटची निवासी इमारत त्याचे प्रारंभीचे उदाहरण. तिच्यात जवळजवळ लावलेले स्तंभ आणि तुळया मिळून नळी तयार होते. उंची वाढली की या पद्धतीला मर्यादा येते. वाऱ्याचा जोर कोपऱ्यांतल्या स्तंभांवर एकवटतो आणि मधले स्तंभ मागे राहतात, कारण भार एका स्तंभातून दुसऱ्यात जाताना तुळया वाकतात. कर्णबंध ही उणीव भरून काढतो. तो वाकत नाही, तर आपल्या लांबीच्या दिशेने ताण किंवा दाब घेतो. इमारतीचे वजनही त्याच्यातून वाटले जाऊन बाजूचे सर्व स्तंभ जवळपास सारखे भारित होतात.

याचा हिशेब पोलादात दिसतो. येथे दर चौ. मी. सुमारे १४५ किग्रॅ. पोलाद लागले. एम्पायर स्टेट बिल्डिंगमध्ये हेच प्रमाण सुमारे २०६ किग्रॅ. आहे. उंचीसाठी मोजावी लागणारी जादा किंमत कमी करणे हा खान यांच्या कामाचा गाभा होता, आणि तो या एका तुलनेत पुरेपूर उतरला आहे.

इमारत हलकी म्हटल्यावर ती किती डोलेल आणि आत राहणाऱ्याला ते किती जाणवेल, हा प्रश्न उरला. कार्यालयातला माणूस संध्याकाळी घरी जातो, इथे मात्र लोक नव्वदाव्या मजल्यावर झोपणार होते. त्याविषयी पुरेशी मोजमापे तेव्हा उपलब्ध नव्हती. शिकागोच्या विज्ञान व उद्योग संग्रहालयात कपडे धुण्याच्या यंत्राची गती दाखवणारा एक हलता मंच होता. खान यांनी त्यावर काही जणांना उभे करून, बसवून आणि आडवे झोपवून, हालचाल कोणत्या टप्प्यावर जाणवू लागते ते तपासले. साधन साधे, पण प्रश्न अचूक होता.

कल्पनेचे मूळ : कर्णबंधित नळी कोणाची, याबद्दल एकमत नाही. वास्तुसमीक्षक ग्रॅहम यांना आणि सांगाडा उघडा दाखवण्याच्या, वास्तुविशारद मीस व्हान डर रोह यांच्या परंपरेला श्रेय देतात. अभियांत्रिकीचे इतिहासकार खान यांचे नाव घेतात. इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील दोन प्रबंध मात्र या वादात अनेकदा दुर्लक्षित राहतात. मायरन गोल्डस्मिथ यांनी १९५३ च्या प्रबंधात, उंची वाढली की संरचनेचा प्रकारच बदलावा लागतो, असे प्रतिपादन केले. पुढे गोल्डस्मिथ व खान यांच्या मार्गदर्शनाखाली मिकिओ सासाकी या विद्यार्थ्याने १९६४ च्या सुमारास कर्णबंधित उंच इमारतीचा प्रबंध सादर केला. हॅनकॉकचा आराखडा त्यानंतरचा. कालक्रम पाहता बीज याच अभ्यासवर्गात पडले, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. शंभर मजल्यांना पेलेल असे गणित आणि सांधे मात्र निःसंशय खान यांचे. फुलीचा आकार अर्थातच नवा नव्हता. रेल्वेपुलांच्या कैच्यांत, म्हणजे दांड्यांच्या जाळीदार सांगाड्यांत, तो शतकभर रुळलेला होता.

पाया : इमारत खोल केसॉनांवर, म्हणजे जमिनीत खोलवर ओतलेल्या काँक्रीटच्या खांबांवर, उभी आहे, त्यांतला सर्वांत खोल सुमारे ५८ मी. जातो. १९६६ मध्ये सांगाडा वीस मजल्यांच्या आसपास असताना एका स्तंभाखालचा केसॉन खचल्याचे लक्षात आले. काँक्रीट भरताना पोलादी आवरण वर ओढून घेण्याच्या पद्धतीत आत पोकळी राहिली होती. काम काही महिने थांबवून पाये तपासण्यात आले. या विलंबात मूळ विकासक जेरी वोलमन आर्थिक अडचणीत आले आणि प्रकल्प जॉन हॅनकॉक विमा कंपनीकडे गेला.

पुढील काळ : कर्णबंध आडवे आलेल्या खिडक्यांची घरे खपणार नाहीत, अशी आरंभी भीती होती, पुढे तीच घरे लोक मागून घेऊ लागले, असे सांगतात. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सने १९९९ मध्ये इमारतीला पंचवीस वर्षे टिकलेल्या वास्तुगुणांसाठीचा पुरस्कार दिला. विमा कंपनीच्या मागणीवरून २०१८ मध्ये हॅनकॉक हे नाव काढण्यात आले. तेव्हापासून अधिकृत नाव ‘८७५ नॉर्थ मिशिगन अ‍ॅव्हेन्यू’ असे असले, तरी बोलण्यात जुनेच नाव चालते.