देणगीवरील करसवलत

धर्मादाय कामाला दिलेल्या पैशांच्या बदल्यात सरकार जो कर सोडते, ती देणगीवरील करसवलत. ती देण्याच्या वाटा मुख्यतः तीन. भारत, अमेरिका, जर्मनी यांसारख्या देशांत रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा होते. फ्रान्स आणि कॅनडात थेट भरायच्या करातून. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये कराचा परतावा दात्याऐवजी संस्थेच्या खात्यात जातो. पहिल्या वाटेत एक तिढा आहे : देणगी तेवढीच असली तरी ३० टक्के दराने कर भरणाऱ्याचा कर ५ टक्केवाल्याच्या सहापट वाचतो.

भारतात ही सवलत १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ८०जी खाली मिळत आली. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू असला, तरी बोलण्यात ‘एटीजीची पावती’ हाच शब्द रुळलेला आहे. (पुढील कलमांचे व फॉर्मचे क्रमांक जुन्या कायद्यातले.) पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी किंवा मुख्यमंत्री सहायता निधीला दिलेली पूर्ण रक्कम वजा होते, तिला मर्यादा नाही. नेहमीच्या नोंदणीकृत ट्रस्टला दिलेल्या रकमेची निम्मीच वजावट मिळते, आणि तीही समायोजित एकूण उत्पन्नाच्या (म्हणजे ढोबळमानाने इतर वजावटी जाऊन उरणाऱ्या उत्पन्नाच्या) १० टक्क्यांच्या आत. हिशेब चुकतो तो इथेच. समजा, इतर वजावटी जाऊन उत्पन्न १५ लाख रुपये आहे आणि ट्रस्टला २ लाख दिले. वजावट १ लाख धरण्याची घाई होते. प्रत्यक्षात आधी मर्यादा लावायची, म्हणजे १.५ लाख, आणि मग त्याचे निम्मे : ७५,००० रुपये. ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर धरून वाचतात २३,४०० रुपये. कमी दरांच्या पण मोजक्याच वजावटींच्या ‘नव्या करप्रणालीत’ (ही नव्या कायद्याहून वेगळी गोष्ट) हेही मिळत नाही. आणि २०२३-२४ पासून वेगळा पर्याय निवडला नाही तर तीच प्रणाली आपोआप लागू होते.

२,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर त्या देणगीवर काहीच वजावट नाही. २,००० पर्यंतचा भागही सुटत नाही. ब्लँकेट, धान्य, जुने कपडे अशा वस्तू धरल्याच जात नाहीत. एखाद्या विशिष्ट धर्माच्या किंवा जातीच्या हितासाठीच चालणारी संस्थाही बाद. अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग, स्त्रिया आणि मुले यांच्यासाठीच्या संस्थांना मात्र हा नियम आड येत नाही.

मुंबईत सर्वाधिक गोंधळ दोन नोंदण्यांचा होतो. वरळीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयातली नोंदणी ही महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालची. ८०जीची मान्यता आयकर विभागाची. पहिली असली म्हणून दुसरी असतेच असे नाही. गणेशोत्सव मंडळे याच विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१क खाली तात्पुरती परवानगी काढून वर्गणी गोळा करतात. ती पावती कितीही रंगीत असो, आयकर विवरणपत्रात चालत नाही. जुन्या पावतीवर ‘कायमस्वरूपी मान्यता’ छापलेली दिसली तरी विसंबू नये, कारण २०२१ पासून सर्व संस्थांना नव्याने नोंदणी करावी लागली आणि नियमित मान्यता पाच वर्षांचीच असते.

खरी कसोटी पावती नव्हे, फॉर्म १०बीई. आर्थिक वर्षातल्या देणग्यांची यादी संस्थेने ३१ मेपर्यंत फॉर्म १०बीडीत भरायची आणि त्यातून निघालेले १०बीई प्रमाणपत्र दात्याला द्यायचे. संस्थेने यादीच भरली नाही किंवा पॅनमधले एक अक्षर चुकवले, तर दात्याची वजावट अडकते आणि फरकाच्या कराची मागणी त्याच्या नावे निघू शकते. अशा वेळी संस्थेकडून दुरुस्त १०बीडी भरून घ्यावी लागते. उशिरासाठी संस्थेला दिवसाला २०० रुपये शुल्क आणि शिवाय १०,००० ते १ लाख रुपये दंड होऊ शकतो. म्हणून देतानाच पॅन लिहून द्यावा, पैसे यूपीआय किंवा धनादेशाने द्यावेत, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात प्रमाणपत्र मागून घ्यावे. विवरणपत्राच्या आदल्या रात्री ट्रस्टचा फोन क्वचितच लागतो.

ब्रिटनची ‘गिफ्ट एड’ योजना १९९० ची. दात्याने आपण करदाता असल्याचे घोषणापत्र दिले की १०० पौंडांमागे संस्थेला सरकारकडून २५ पौंड मिळतात. ४० टक्के दराचा करदाता आणखी २५ पौंड स्वतःसाठी मागू शकतो. दात्याने तेवढा कर भरलेलाच नसेल, तर फरक त्याच्याकडून वसूल होतो. आयर्लंडने २०१३ पासून सवलत पूर्णपणे संस्थेकडे वळवली. त्यासाठी वर्षाला किमान २५० युरो द्यावे लागतात.

अमेरिकेत वजावट १९१७ पासून आहे. २५० डॉलर किंवा अधिक देणगीला संस्थेचे लेखी पत्र लागते, नुसते बँकेचे स्टेटमेंट चालत नाही. भारताशी मोठा फरक म्हणजे तिथे वस्तू आणि शेअरही चालतात. ५,००० डॉलरपेक्षा महाग वस्तूला सहसा मूल्यांककाचा दाखला लागतो. फ्रान्समध्ये देणगीच्या ६६ टक्के इतका कर कमी होतो, करपात्र उत्पन्नाच्या २० टक्क्यांच्या मर्यादेत, आणि उरलेली रक्कम पुढील पाच वर्षांच्या हिशेबात धरता येते. भारतात व्यक्तीला अशी सोय नाही : मर्यादेबाहेर गेले ते गेले. सिंगापूरने पात्र देणगीवर अडीचपट वजावट २०२६ अखेरपर्यंत ठेवली आहे.

परदेशी नातेवाइकांनी तिकडच्या सवलतीच्या भरवशावर मुंबईतल्या ट्रस्टला थेट पैसे पाठवले तर बहुधा दोन्हीकडे अडचण होते. अमेरिकेत सवलत मुख्यतः तिथल्याच संस्थांना लागू आहे. आणि इथे परकीय नागरिकाची देणगी घ्यायला ट्रस्टकडे परकीय योगदान कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी, शिवाय पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच यावे लागतात. पाठवणारा भारतीय पासपोर्टवरचा अनिवासी असेल, तर त्याने नेहमीच्या बँकेमार्फत पाठवलेली देणगी या कायद्याखाली परकीय धरली जात नाही.