केबल बदलण्याआधी: घरातल्या नेटवर्क वायरिंगविषयी ग्राहकांसाठी माहिती

"नवा प्लॅन घेतला, राउटरही नवा बसवला, पण स्पीड काही वाढेना. आता भिंतीतल्या केबल बदलून द्या." असे फोन आम्हाला सतत येतात. केबल टाकणे हाच आमचा धंदा, तेव्हा लगेच होकार देणे सोपे आहे. तरीही आम्ही आधी तपासायला सांगतो. आजवरच्या कामात आम्हाला बहुतेक वेळा भिंतीतली केबल ठणठणीत आढळली आहे. दोष असतो तिच्या टोकाला, नाहीतर टोकाला जोडलेल्या वस्तूत. टोकाची दुरुस्ती अर्ध्या तासात होते. केबल नव्याने ओढायची म्हणजे कपाटे सरकवा, पाईप चोंदला असेल तर भिंत फोडा, मग प्लॅस्टर, मग रंग. एवढे सगळे करून स्पीड तिथेच राहिला, तर ती आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत झाली.

९४ चा आकडा

लॅपटॉप केबलने जोडून स्पीड टेस्ट करा. प्लॅन ३०० किंवा ५०० एमबीपीएसचा असूनही आकडा दरवेळी ९३-९४ च्या आसपास अडकत असेल, तर हे पत्रक तुमच्यासाठीच आहे असे समजा. १०० एमबीपीएसच्या जोडणीतून डेटासोबत जाणाऱ्या पत्ते-तपासणीच्या माहितीचा वरखर्च वजा जाता हातात साधारण ९४ च पडतात. म्हणजे वाटेत कुठेतरी एक दुवा १०० वर चालतो आहे. (१००० च्या जोडणीत हाच आकडा ९४० च्या आसपास येतो.)

लॅन केबलमध्ये आठ तारा असतात, दोन-दोन पिळलेल्या, अशा चार जोड्या. १०० एमबीपीएसला दोनच जोड्या पुरतात, नारिंगी आणि हिरवी. १००० ला मात्र चारही लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार जरी तुटली, सैल राहिली किंवा गंजली, तर बहुतेक उपकरणे गुपचूप १०० वर उतरतात. नेट चालू राहते, दिवे लुकलुकत राहतात, त्यामुळे कोणाला शंकाही येत नाही.

एका घरी राउटरजवळ पूर्ण स्पीड मिळायचा आणि कामाच्या खोलीत ९४. त्यांना आधी कोणीतरी सगळी केबल बदलायला सांगितले होते. आम्ही भिंतीवरचा आयओ बॉक्स, म्हणजे लॅनच्या सॉकेटचा डबा, उघडला. सात तारा आपापल्या खाचेत घट्ट बसलेल्या होत्या. आठवी, तपकिरी, खाचेच्या कडेवर आडवी पडलेली होती. तिचे प्लॅस्टिक कापलेच गेले नव्हते, त्यामुळे तांबे खाचेच्या पात्याला लागतच नव्हते. पंचिंग टूलने (तार खाचेत दाबून बसवायच्या हत्याराने) दाबली, 'टक्' आवाज आला, आणि लॅपटॉपवरचा लिंक स्पीड, म्हणजे जोडणीचा वेग, १०० वरून १००० झाला. केबल जुनी कॅट ५ ई होती ('कॅट' म्हणजे केबलचा दर्जा). ती आजही तिथेच आहे.

जुन्या घरांत आणखी एक प्रकार सापडतो. वायर वाचवायला एकाच केबलच्या दोन जोड्या नेटला आणि उरलेल्यांपैकी एक टेलिफोनला दिलेली असते. त्या काळी ते चालून गेले, कारण १०० पुरेसे होते. आज टेलिफोनची जोडी मोकळी करून दोन्ही टोके नीट बसवली की तीच केबल १००० देते.

स्वतः कसे तपासाल

आधी राउटरला जवळूनच एका चांगल्या छोट्या केबलने लॅपटॉप जोडा. इथेच स्पीड कमी असेल तर भिंतीतल्या केबलचा काही संबंध नाही, प्रश्न राउटरचा, लॅपटॉपचा किंवा कनेक्शनचा आहे. काही राउटरचे मागचे लॅन पोर्ट आजही १०० चेच असतात. खोक्यावर वायफायचा मोठा आकडा छापलेला असतो आणि पोर्टचा आकडा बारीक अक्षरात. तो वाचा. जुन्या स्विचचेही (एका केबलच्या अनेक जोडण्या करणाऱ्या डब्याचेही) तेच, आणि यूएसबीला लावायच्या स्वस्त लॅन ॲडॉप्टरचेही.

राउटरजवळ सगळे ठीक असेल तर तोच लॅपटॉप आणि तीच छोटी केबल घेऊन खोलीतल्या सॉकेटवर या. विंडोजमध्ये सेटिंग्ज, मग नेटवर्क अँड इंटरनेट, मग इथरनेट इथे 'लिंक स्पीड' दिसतो. तिथे १०० असेल तर खोलीत नेहमी वापरता ती केबल दोषी नाही, सॉकेट किंवा भिंतीतली केबल दोषी आहे. तिथे १००० असेल, तर टेबलामागे खुर्चीच्या चाकाखाली वर्षभर चिरडली गेलेली पॅच कॉर्ड, म्हणजे सॉकेटपासून यंत्रापर्यंतची छोटी केबल, बदला आणि काम झाले.

स्पीड टेस्ट वायफायवर करून केबलला बोल लावू नका, एवढे कळकळीने सांगतो. वायफायचा आकडा भिंती, अंतर आणि शेजारच्या राउटरवर ठरतो. फाईल उतरताना दिसणारा वेगही फसवतो, कारण तो बाइटमध्ये असतो आणि प्लॅन बिटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून ५०० एमबीपीएसच्या प्लॅनवर संगणक सेकंदाला ६० मेगाबाइटच्या आसपास दाखवत असेल तर तो अगदी बरोबर चालला आहे.

केबलवर छापलेले काय सांगते

आयओ बॉक्सचे दोन स्क्रू काढले की केबलच्या सालीवरची छपाई दिसते. 'कॅट ५ ई' किंवा 'कॅट ६' लिहिलेले असेल तर १००० एमबीपीएससाठी चिंता नको. १००० चे तांब्यावरचे मानक १९९९ साली आले तेच मुळी कॅट ५ च्या केबलवर १०० मीटरपर्यंत चालेल असे बेतलेले होते. २०१६ साली २.५ आणि ५ जीबीपीएसचे मानक आले (१ जीबीपीएस म्हणजे १००० एमबीपीएस), तेही आधी टाकलेल्या केबल फुकट जाऊ नयेत याच विचाराने. २.५ जीबीपीएस कॅट ५ ई वर पूर्ण १०० मीटर चालते. घरातली एक ओढ, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची केबल, ३० मीटरच्या पुढे क्वचितच जाते. म्हणजे ज्या केबलला लोक कालबाह्य म्हणतात, ती घरात आजच्या बहुतेक प्लॅनच्या पुढेच आहे.

खरा फरक १० जीबीपीएसला पडतो. त्याला कॅट ६ ए लागते, ती १०० मीटरपर्यंत निभावते. साधी कॅट ६ चांगल्या परिस्थितीत ५५ मीटरपर्यंत १० देऊ शकते. पण अनेक केबल एकाच गठ्ठ्यात घट्ट बांधलेल्या असतील तर ३७ मीटरच धरावे, कारण शेजारच्या केबलचा गोंगाट आत शिरतो. कॅट ५ ई वर १० ची हमी कोणीही देऊ नये. आखूड ओढीवर ते कधी चालून जाते, पण आम्ही तसे लिहून देत नाही.

कॅट ७ आणि कॅट ८ बद्दल विचारणारे बरेच असतात, म्हणून स्पष्ट सांगतो: घरासाठी घेऊ नका. केबलची मानके ठरवणाऱ्या अमेरिकेच्या टीआयए संस्थेच्या मानकात कॅट ७ नाहीच. तिच्यासाठी ठरलेले कनेक्टर वेगळे आहेत आणि बाजारात मिळणाऱ्या 'कॅट ७' केबलला टोकाला आरजे ४५, म्हणजे लॅनचा नेहमीचाच प्लग, असतो. कॅट ८ खरी आहे, पण ती २५ आणि ४० जीबीपीएससाठी, डेटा सेंटरमधल्या ३० मीटरच्या आतल्या जोडण्यांसाठी आहे. शिवाय या केबल शील्डवाल्या, म्हणजे तारांभोवती धातूचे वेष्टण असलेल्या, असतात. शील्डला अर्थिंग नीट दिले नाही तर तिचा उपयोग होत नाही, आणि जाड, ताठ केबल पाईपच्या कोपऱ्यात अडकते ती वेगळीच.

एक केबल मात्र बिनदिक्कत बदला

ती म्हणजे सीसीए, आत ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा पातळ मुलामा. ती स्वस्त असते आणि तिच्यावर 'कॅट ६' छापलेलेही सापडते. कॅट ५ ई किंवा कॅट ६ म्हणवून घ्यायला आत निखळ तांबे लागते, त्यामुळे ती छपाई खोटीच. ओळखायची अशी: एक तार पक्कडीने सपकन कापा आणि कापलेले टोक उजेडात धरा. आरपार लालसर दिसले तर तांबे. कडा लाल आणि मधे पांढरे दिसले तर सीसीए. उलट, बाहेरून चंदेरी आणि आत लाल असेल तर ते कथलाचा मुलामा दिलेले चांगले तांबे, त्याला नावे ठेवू नका. सीसीए हातालाही हलकी लागते आणि चार-पाच वेळा वाकवली की तुटते.

तांब्यापेक्षा तिचा विद्युतरोध बराच जास्त असतो. केबलमधूनच वीज घेणारे कॅमेरे किंवा छतावरचे वायफायचे ॲक्सेस पॉइंट अशा तारेवर चालवले तर विजेचा दाब कमी होतो, उपकरण मधूनच बंद पडते आणि केबल तापते. एका केबलमधून ९० वॅटपर्यंत वीज देणारे मानक २०१८ पासून आहे, त्यामुळे हा धोका आता फक्त स्पीडचा राहिलेला नाही. भिंतीत सीसीए सापडली आणि तिच्यावरून वीज जात असेल, तर आम्ही ग्राहकाला थांबायला सांगत नाही, लगेच बदलायला सांगतो.

मग खरोखर कोणी बदलावी?

ज्यांच्या घरात मोठ्या फाईल एका यंत्रावरून दुसऱ्यावर जातात, म्हणजे व्हिडिओ एडिटिंग, फोटोंचा मोठा साठा, घरचा स्टोरेज सर्व्हर, त्यांना वाढीव स्पीड रोज जाणवेल. ५० गिगाबाइटची फाईल १०० च्या जोडणीवर ७० मिनिटांवर घेते, १००० वर साधारण सात मिनिटे, २.५ वर तीन. १०० वरून १००० वर येण्यात जी कमाई आहे ती पुढच्या कुठल्याच पायरीत नाही, आणि ती बहुधा केबल न बदलताच होते. पुढे २.५ वर जायचे तर दोन्ही यंत्रे आणि मधला स्विच २.५ चे हवेत. तेवढे आणा आणि जुन्या केबलवर चालवून बघा. चालले नाही तर आम्ही आहोतच.

फक्त व्हिडिओ पाहणे, मीटिंग, मुलांचा अभ्यास एवढेच असेल तर नको. ४ के चित्रालाही साधारण २५ एमबीपीएस पुरतात. गेम खेळणाऱ्यांना वाटते की नव्या केबलने लॅग जाईल. तांब्यात संकेत सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. २० मीटरची केबल तो मिलिसेकंदाच्या दहा हजाराव्या भागात ओलांडतो, मग ती कॅट ५ ई असो की कॅट ८. वायफाय सोडून केबलवर आलात तर फरक पडेल, एका धड केबलवरून दुसरीवर जाऊन नाही.

घराचे काम निघाले असेल, भिंती उघड्या असतील, तर गोष्टच वेगळी. तेव्हा आम्ही कॅट ६ ए किंवा किमान चांगली कॅट ६ टाकायचा आग्रह धरतो, कारण मजुरी तीच आणि संधी पुन्हा लवकर येत नाही. त्याहून मोठा आग्रह पाईपचा. पाईप रुंद घ्या, कोपऱ्यांना काटकोनी एल्बो न लावता लांब वळण द्या आणि आत एक दोरी सोडून ठेवा. पाईपातली केबल बदलता येते, प्लॅस्टरखाली गाडलेली मात्र येत नाही. विजेच्या वायरचा आणि लॅनचा पाईप एक करू नका. जिथे त्या एकमेकींना ओलांडतात तिथे काटकोनात ओलांडू द्या. बाहेरून दुसऱ्या इमारतीत न्यायचे असेल तर तांबे नको, फायबर, म्हणजे काचेच्या तंतूची केबल, घ्या. वीज कडाडली की तांब्याची लांब केबल दोन्हीकडची उपकरणे जाळू शकते, काचेतून ती जात नाही.

काम कोणाकडूनही करून घ्या, पण टोक बसवताना समोर उभे राहा. तारांचा पिळा कनेक्टरच्या अगदी जवळपर्यंत राहिला पाहिजे. कॅट ५ ई साठी आणि कॅट ६ साठीही १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उकलायचा नाही. पिळ्यामुळेच बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखा पडतो आणि दुसऱ्या टोकाला वजा होऊन जातो. केबल सोलून बघा: चारही जोड्यांचा पिळा वेगवेगळ्या गतीचा असतो. तो मुद्दाम तसा ठेवतात, एकीचे बोलणे दुसरीला ऐकू जाऊ नये म्हणून. कारागीर इंच-दीड इंच सरळ करून तारा कोंबत असेल, तर कॅट ६ ए चे पैसे त्या दीड इंचात गेले.

आम्हाला फोन करण्याआधी

तीन गोष्टी जवळ ठेवा. दोन्ही टोकांच्या आयओ बॉक्समधल्या केबलच्या सालीचा, अक्षरे वाचता येतील असा फोटो. राउटरजवळचा आणि खोलीतला, दोन्हीकडचा लिंक स्पीड. आणि केबलच्या सालीवर मीटरचे आकडे ओळीने छापलेले असतात, तर एका टोकाजवळचा आकडा आणि दुसऱ्या टोकाजवळचा आकडा. एकातून दुसरा वजा केला की भिंतीत नेमकी किती मीटर केबल आहे ते कळते. वजाबाकी विचित्र आली किंवा दोन टोकांवरची छपाईच वेगळी निघाली, तर मधे कुठेतरी सांधा आहे. मग आम्ही येताना केबलचे बंडल न आणता आधी टेस्टर घेऊन येऊ आणि तो सांधा शोधू.