जंजिरा अजिंक्य होता, पण नबाब स्वतंत्र नव्हता

मुरूडचा व्हिडिओ आला की खाली ठरलेली कमेंट असतेच, जंजिरा अजिंक्य म्हणजे सिद्दी नबाब 1947 पर्यंत कुणापुढे झुकलाच नाही. अर्धं खरं आहे हे. किल्ला लढून कुणालाच घेता आला नाही, शिवाजी महाराज आणि संभाजी महाराज दोघांनीही जिवाचं रान केलं तरी नाही, ते मान्यच. पण किल्ला वेगळा आणि संस्थान वेगळं ना!

1834 ला इंग्रजांनी जंजिऱ्यावर आपली सत्ता जाहीर केली आणि सिद्दीची टांकसाळ बंद करून टाकली, म्हणजे स्वतःचं नाणं पाडायचा हक्कच गेला, मग स्वतंत्र कसलं? पुढे कारभार बिघडला म्हणून फौजदारी अधिकारही काढून घेतले आणि अलिबागला बसणारा कुलाबा जिल्ह्याचा (आजचा रायगड) कलेक्टरच इथला पॉलिटिकल एजंट, म्हणजे संस्थानावर नजर ठेवणारा इंग्रजांचा अधिकारी. तोफा एक गोळा न डागता गप्प झाल्या, सगळं कागदावरच झालं. नबाब सिद्दी अहमद खानांना 'सर' किताब दिला तोही इंग्रजांनीच, आणि 11 तोफांच्या सलामीचा मान पण इंग्रजांनी संस्थानिकांसाठी केलेल्या यादीतलाच.

काठियावाडातलं (आजच्या गुजरातमधलं) जाफराबादही याच नबाबाचं होतं, हे फारसं कुणी सांगत नाही. मार्च 1948 मध्ये जंजिरा मुंबई प्रांतात विलीन झालं.