चित्रात रांग नसते

थीम पार्कच्या कुठल्याही राइडचं पहिलं चित्र, म्हणजे ज्याला कन्सेप्ट आर्ट म्हणतात ते, नेटवर शोधून बघा, त्यात हमखास संध्याकाळ असते. आकाश जांभळं-केशरी, फरशी नुकताच पाऊस पडून गेल्यासारखी चकचकीत, मधोमध डोंगर नाहीतर किल्ला आणि माणसं जेमतेम पंधरा-वीस, तीपण सगळी तोंड वर करून बघून राहिलेली. रांग नाही, घाम नाही, रडणारं पोरगं नाही. वर्धा रोडवरच्या फ्लॅट स्कीमच्या ब्रोशरसारखंच प्रकरण. फरक एवढाच की फ्लॅट विकला की ब्रोशरचं काम संपतं, आणि या चित्राचं काम राइडला पैसे मंजूर झाल्यावर सुरू होतं.

कारण ते चित्र म्हणजे काही नकाशा नसतो. आत बसलेल्या माणसाला नेमकं काय वाटलं पाहिजे एवढंच त्यात सांगितलेलं असतं. ते कसं करायचं, किती जागेत, किती खर्चात आणि तासाला किती लोकांसाठी, हे चित्रकाराला पहिल्या दिवशी कोणी विचारत नाही आणि विचारूही नये. ते विचारणारे नंतर येतातच, इंजिनिअर, अकाउंटवाले, फायर सेफ्टीवाले, आणि मग चित्राची ओढाताण चालू होते. मला या सगळ्यात मजा वाटते ती याची की जगातल्या सगळ्यात गाजलेल्या राइड्समधले सगळ्यात गाजलेले क्षण या ओढाताणीतून निघालेत, मूळ चित्रात ते नव्हतेच.

सुरुवात डिस्नेलँडपासून करू, कारण त्याचा इतिहास बऱ्यापैकी नोंदवून ठेवलेला आहे. सप्टेंबर १९५३ मध्ये वॉल्ट डिस्नेचा भाऊ रॉय न्यूयॉर्कला पैसे उभे करायला निघणार होता आणि दाखवायला हातात धड काही नव्हतं. तेव्हा हर्ब रायमन नावाच्या चित्रकाराला बोलावलं, वॉल्ट शेजारी बसून सांगत गेला आणि रायमनने एका शनिवार-रविवारात अख्ख्या पार्कचं आकाशातून दिसणारं मोठं चित्र काढून दिलं. बाहेरून गोल फिरणारी रेल्वे, मधे किल्ला, किल्ल्यापासून फुटणारे रस्ते. पुढे एबीसी या टीव्ही कंपनीने पैसे घातले आणि १७ जुलै १९५५ ला पार्क उघडलं पण.

त्या चित्रातली गोल फिरणारी रेल्वे लक्षात ठेवा, ती पुढे फार त्रास देणार आहे.

ही रेल्वे मातीच्या उंच बांधावरून जाते, म्हणजे बाहेरचं शहर आतून दिसत नाही. छान. पण दहा वर्षांत आतली जागा संपत आली आणि समुद्री चाच्यांची राइड, भूतबंगल्याची राइड असल्या मोठ्या गोष्टी बसवायला बांधाच्या बाहेरच शेड बांधावी लागली. आता माणसं बांधापलीकडे न्यायची कशी? वरून रेल्वे जाते, म्हणजे खालून न्यायची. चाच्यांच्या राइडमध्ये (पायरेट्स ऑफ द कॅरिबियन, मार्च १९६७) बोट अंधारात धबधब्यावरून खाली घसरते, पोटात गोळा येतो, लोक ओरडतात. ती घसरण मुळात रेल्वेखाली जाण्यासाठी आहे. भूतबंगल्यात तर अजून भारी, तिथे तुम्ही एका अष्टकोनी खोलीत उभे राहता आणि भिंतीवरची चित्रं लांब लांब होत जातात, खोली ताणली जातेय असं वाटतं. खोली वर ताणली जात नसते, तुम्हीच खाली जात असता. ती सरळ सरळ लिफ्ट आहे, फक्त लिफ्ट वाटू नये म्हणून सजवलेली. १९७१ मध्ये फ्लोरिडात दुसरं पार्क झालं तेव्हा जागेचा काही प्रॉब्लेमच नव्हता, कोणाला खाली न्यायची गरज नव्हती, तरी ती खोली ठेवावीच लागली कारण लोकांना तीच आवडली होती. तिथे जमीन जागेवर राहते आणि छत वर जातं.

दुसरी ओढाताण रांगेची. चाच्यांची राइड सुरुवातीला पायी फिरून बघायचं मेणाच्या पुतळ्यांचं म्युझियम म्हणून आखली होती, भूतबंगलापण पायीच. चित्रात पायी फिरणं फार छान दिसतं, पण प्रत्यक्षात माणूस चालतो, थांबतो, आवडलं की तिथेच उभा राहतो, मागचे खोळंबतात. १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनासाठी डिस्नेच्या लोकांनी पाण्यातून सतत वाहणाऱ्या बोटींची राइड केली आणि तिथे कळलं की हजारो लोक न थांबता असे पुढे सरकवता येतात, मग चाच्यांनाही बोटी मिळाल्या. भूतबंगल्याची बिल्डिंग बाहेरून १९६३ मध्येच तयार होती पण आत काय ठेवायचं हे ठरेना, सहा वर्षं ती नुसती उभी, उघडला ऑगस्ट १९६९ मध्ये. शेवटी तिथे आली ओम्नीमूव्हर नावाची सिस्टिम, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या दोन-सीटर गाड्यांची कधीच न थांबणारी साखळी. साधा हिशोब करा, समजा दर ३ सेकंदाला एक गाडी पुढे जाते, तर तासाला १२०० गाड्या, म्हणजे २४०० माणसं. पायी फिरवून हा आकडा स्वप्नात पण येणार नाही.

पण ओम्नीमूव्हरची खरी गंमत आकड्यात नाही. या गाडीला मागून आणि बाजूने कवच असतं आणि ती जागच्या जागी वळते, म्हणजे तुम्ही कुठे बघायचं हे गाडीच ठरवते. पायी फिरणारा माणूस चुकीच्या कोपऱ्यात बघतो, वायर दिसते, मजा जाते. गाडीने मात्र चित्रकाराला त्याची चौकट परत दिली, गर्दीवरचा उपाय शोधायला गेले आणि हाती कॅमेरा आला. भूतबंगल्यावर दोन चित्रकार होते आणि दोघांचं पटत नव्हतं, क्लॉड कोट्सला रिकाम्या अंधाऱ्या जागांची भीती हवी होती, मार्क डेव्हिसला गमतीदार भुतं हवी होती. राइड बघाल तर सुरुवातीचा भाग रिकामा आणि भयाण, आणि शेवटी स्मशानात भुतांची पार्टी. तडजोड, पण चांगली जमली.

त्यातला नाचणाऱ्या भुतांचा हॉल कसा केला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. चित्रात पारदर्शक भुतं काढणं सोपं, ब्रशने थोडा फिका रंग मारला की झालं. खरी पारदर्शक भुतं मात्र आणायला १८६२ ची नाटकवाल्यांची ट्रिक वापरली, पेपर्स घोस्ट, जॉन हेन्री पेपर या विज्ञानाच्या लेक्चररच्या नावाची. रात्री ट्रेनच्या खिडकीतून बाहेर बघा, बाहेरचं अंधुक गाव आणि डब्यातल्या काकूंचा चेहरा एकावर एक दिसतो, तेच. मधे मोठी काच, पलीकडे खरा हॉल, आणि भुतांचे पुतळे तुमच्या नजरेआड, तुमच्या वर आणि खाली लपवलेले. पुतळ्यांवर लाइट पडला की काचेत त्यांचं प्रतिबिंब पडतं आणि ते हॉलमध्ये उभे दिसतात, लाइट गेला की गायब. आता प्रतिबिंब म्हटलं की डावं-उजवं उलटतं, त्यामुळे डिस्नेलँडच्या हॉलमध्ये जोडप्यांमधल्या बायका पुरुषांना नाचवताना दिसतात. कोणाच्या ते वेळेत लक्षात आलं नाही, नंतर कोणी बदललं नाही, आणि मला तर वाटतं भुतांना असले नियम कशाला लावायचे.

रोलर कोस्टरचं वेगळं आहे, तिथे चित्राचं भांडण थेट न्यूटनशी. कुठल्याही पोराला लूप काढायला सांगा, तो गोल काढेल. १८९५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर फ्लिप फ्लॅप नावाची राइड होती, लूप गोल होता आणि बसणाऱ्यांच्या माना आखडायच्या. का ते बघा. गोलाच्या वरच्या टोकावर गाडी रुळाला चिकटून राहायला किमान एक ठराविक वेग लागतो. तिथून खाली येताना वेग वाढतो आणि तळाशी, घर्षण सोडून दिलं तर, अंगावर ६ जी येतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ३६० किलोचं झाल्यासारखं वाटतं. गोल लहान करा, मोठा करा, हा सहाचा आकडा हलत नाही, कारण त्रिज्या गणितात कटून जाते. हे फार चिडवणारं गणित आहे, कारण पैसा ओतूनही सुटका नाही. सुटका होती आकार बदलण्यात. १९०१ मध्ये कोनी आयलंडवरच लंबगोल लूप आला, तो बराच सुखाचा होता पण एका खेपेला चारच माणसं बसायची, म्हणजे धंदा म्हणून फेल, परत तीच रांग. मग १९७६ मध्ये वेर्नर श्टेंगेल या जर्मन इंजिनिअरने कॅलिफोर्नियातल्या एका कोस्टरला क्लोथॉइड नावाचं वळण वापरून लूप दिला, खाली पसरट आणि वर आवळलेला, पाण्याच्या थेंबासारखा. खाली वेग जास्त असतो तिथे त्रिज्या मोठी, वर वेग कमी तिथे लहान, त्यामुळे अंगावरचा दाब सहन होईल एवढाच आणि हळूहळू वाढतो. असलं हळूहळू सुरू होणारं वळण रेल्वेवाले आधीपासून वापरतच होते, आपल्या मेट्रोच्या ट्रॅकमध्येही ते असतं, म्हणून वळणावर उभ्या माणसाला एकदम धक्का बसत नाही.

आज कोस्टरचं डिझाइन करताना रूळ आधी आखत नाहीत, आधी माणसाच्या छातीजवळचा एक बिंदू हवेतून कसा जाईल ती रेघ आखतात आणि रूळ त्या रेघेभोवती गुंडाळतात, नाहीतर गाडी पिळताना डोकं इकडून तिकडे फेकलं जातं. आणि भीती वाढवायला नेहमी वेगच लागतो असं नाही. खोपोलीजवळच्या इमॅजिकातली नायट्रो २०१३ ची, स्विस कंपनीची फ्लोअरलेस कोस्टर आहे, पायाखालची जमीनच काढून घेतली की तेवढ्याच जीमध्ये जीव जास्त टांगणीला लागतो. चित्रकाराला ही गोष्ट इंजिनिअरच्या आधी कळते.

कधी कधी चित्र बरोबर असतं, जगच तयार नसतं. स्पेस माउंटन या डिस्नेच्या कोस्टरची कल्पना साधारण १९६४ ची, वॉल्ट डिस्नेची, चित्रं जॉन हेंचची, पण अंधारात एकाच ट्रॅकवर बऱ्याच गाड्या एकमेकींवर न आदळता पळवायला कॉम्प्युटर लागत होता, त्यामुळे ती फ्लोरिडात उघडली जानेवारी १९७५ ला. तिचे बाहेरून दिसणारे काँक्रीटचे बीम स्टाइल म्हणून नाहीत, आतलं छत गुळगुळीत हवं होतं, त्याच्यावर तारे प्रोजेक्ट करायचे होते, म्हणून बीम बाहेर काढले. आणि मार्क डेव्हिसने वाइल्ड वेस्टवर काढलेली एक भलीमोठी बोट राइड कधीच झाली नाही, पण तिच्यातली खाणीच्या पळत्या रेल्वेची कल्पना टोनी बॅक्स्टरने उचलली आणि १९७९ ला तिचं बिग थंडर माउंटन झालं.

चित्र ते राइड यांच्या मधे मॉडेल येतं, थर्माकोल-फोमचं, ज्याच्यात डोकं घालून माणसाच्या नजरेच्या उंचीवरून बघतात. चाच्यांच्या राइडचा एक सीन तर गोदामात खऱ्या साइजमध्ये उभा केला आणि वॉल्ट डिस्नेला चाकांवरच्या खुर्चीत बसवून बोटीच्या वेगाने ढकलत नेलं. आता हेच व्हीआर हेडसेट घालून करतात, पण तत्त्व तेच, सीन किती सेकंद दिसतो ते उभं राहून कळत नाही, सरकत सरकतच बघावं लागतं. मग शेवटी पाणी भरलेले प्लास्टिकचे पुतळे बसवून रिकाम्या पार्कात फेऱ्यांवर फेऱ्या.

आता आपल्या गावाचं बोलू. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि उन्हातलं स्टील तर त्याहून कितीतरी जास्त तापतं. १०० मीटर स्टील हिवाळ्यातल्या पहाटेच्या १० अंशांवरून ६० अंशांवर गेलं की साधारण ६ सेंटिमीटर लांबतं, ते कुठे जाणार हे सपोर्ट आखतानाच ठरवावं लागतं. चाकांचं ग्रीस तापलं की गाडी दुपारी सकाळपेक्षा जोरात पळते, म्हणून थंडीतल्या सगळ्यात सुस्त गाडीने मधेच अडकू नये आणि उन्हाळ्यातल्या सगळ्यात तेज गाडीने जीची मर्यादा ओलांडू नये, दोन्ही टोकं तपासावी लागतात. अमरावती रोडकडे वॉटर पार्क चालतात यात नवल नाही बाप्पा. पण माझं मत विचाराल तर इथे एसी डार्क राइड, म्हणजे बंद अंधाऱ्या बिल्डिंगमधली राइड, व्हायला पाहिजे, आणि विषय पण तयार आहे, मारबत, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणूक काढून जाळतात ते मोठे पुतळे.

विचार करा, रांगच आतमध्ये, इतवारीच्या गल्ल्यांची, अरुंद, वर छज्जे. दुसरा मजला पहिल्यापेक्षा थोडा लहान बांधायचा, तिसरा अजून लहान, म्हणजे घरं आहेत त्यापेक्षा उंच वाटतात, ही फोर्स्ड पर्स्पेक्टिव्हची ट्रिक डिस्नेच्या किल्ल्यातपण आहे. गाडी वळते आणि काळी मारबत एकदम अंगावर येते, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" चारी बाजूंनी स्पीकरमधून. पुढच्या वळणावर पिवळी. शेवटी दहन, पण खरा जाळ नको, पाण्याची वाफ आणि खालून केशरी लाइट, हवेचे झोत आणि थोडी हीटरची धग, पब्लिकला जाळच वाटतो. गाड्या ओम्नीमूव्हरच्या, कारण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी किती गर्दी होते ते आपल्याला माहीत आहे. एकच अडचण मला दिसते, मारबतीसोबतचे बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे, दरवर्षी नव्या विषयावर निघतात, म्हणजे मधला एक सीन अख्खा उचलून बदलता येईल असा चाकांच्या फ्रेमवर बांधावा लागेल, आणि तो बदलायला मागून ट्रक आत येईल एवढं दार पहिल्याच ड्रॉइंगमध्ये काढून ठेवावं लागेल, नाहीतर नंतर भिंत फोडत बसा.