खुलासा: गाडी ढकलायला जड जाते ती फक्त वजनामुळे नव्हे

‘मोठी गाडी ढकलायला जड, छोटी हलकी’ हे अर्धंच खरं. सपाट डांबरी रस्ता, न्यूट्रल गिअर, टायरांत पुरेशी हवा असेल तर 1200 किलोची गाडी एकदा हलली की साधारण 15 किलोच्या जोरावर पुढे सरकत राहते. दुप्पट वजनाच्या एसयूव्हीला 30 किलो. दोघं जण आरामात ढकलतील. मग परळच्या रस्त्यावर एखादी छोटी हॅचबॅक चौघांनाही दाद का देत नाही?

बहुतेकदा ब्रेकमुळे. मुंबईच्या पावसाळ्यात हँडब्रेक ओढून गाडी काही दिवस उभी राहिली की मागचे ब्रेक शू (ब्रेक लावणाऱ्या पट्ट्या) गंजून ड्रमला, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या डब्याला, चिकटतात. पुढच्या चाकांत कॅलिपरच्या (ब्रेक पॅड धरणाऱ्या चिमट्याच्या) पिना ग्रीसशिवाय सुकल्या तर पॅड चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कवर घासत राहतात. तपासायला बाकीच्या चाकांना दगड लावा, हँडब्रेक सोडा, मागचं चाक जॅकवर उचलून हाताने फिरवा. झटक्यात थांबलं तर ब्रेक धरतोय.

दुसरं कारण चढ. 50 फुटांत 1 फूट चढ डोळ्याला जाणवतही नाही, पण त्याच 1200 किलोच्या गाडीला 24 किलो जोर जास्त लागतो! टायरात हवा कमी असली तर आणखी भर.

ऑटोमॅटिक गाडी ‘पी’वर (पार्किंग) असेल तर ढकलूच नका, आत चाकांना खुंटी लागलेली असते. चावी ऑन ठेवा, नाहीतर स्टिअरिंग लॉक होईल. आत बसणाऱ्याने ब्रेक नेहमीपेक्षा खूप जोरात दाबायचा. इंजिन बंद असताना ब्रेकला जोर देणारा बूस्टर दोन-तीन दाबांपलीकडे साथ देत नाही.